पाहिले जाण्याचे मोल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, वेदान्त असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेथे उभे राहून आम्ही दूरचित्रवाणीवरील खेळांविषयी बोलणार, हे कळल्यावर काहींनी कपाळास आठ्या घातल्या असतील. त्याला आम्ही एकटे जबाबदार नाही. व्याख्यानाचे निमंत्रण देतानाच चालकांनी आम्हांस बजावले होते, 'तेवढं साडेआठच्या आत आटपा; पुढे घरोघर कार्यक्रम सुरू होतात, मंडळी उठू लागतात.' तेव्हा आम्ही विचार केला की, लोक ज्यासाठी उठून जातात त्याच विषयावर बोलावे, म्हणजे निदान आज तरी कोणी उठणार नाही.

परंतु विषय सुचला तो एका प्रश्नामुळे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या ओळखीच्या एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी गोड गाते. बाई म्हणाल्या, 'सर, पुण्याला टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी मुलं निवडताहेत. नेऊ का हिला?' आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. 'आधी अभ्यास, मग गाणे' एवढे सांगून मोकळे झालो. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'सर, तुमच्या शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी पहिलं येतंच. त्यांतल्या एकाचं तरी नाव आज गावाला आठवतं का?'

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवशी द्यावयाचे राहिलेले उत्तर आज आपल्यासमोर शोधावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. मराठीत त्याला नीटसे नाव मिळालेले नाही. रिॲलिटी शो हेच नाव रूढ झाले. वास्तव म्हणावे तर त्यात वास्तव पुरतेपणी नाही, आणि नाटक म्हणावे तर पाठ करावयाची संहिता नाही. एखाद्या सामान्य माणसाला त्याच्याच नावाने आणि त्याच्याच चेहऱ्याने लोकांपुढे आणावयाचे, त्याला गावयास, नाचावयास, प्रश्नांची उत्तरे द्यावयास किंवा नुसते एका घरात राहावयास लावावयाचे, आणि ते लाखोंनी पाहावयाचे, असा हा मामला आहे. १९९९ साली हॉलंडमध्ये 'बिग ब्रदर' नावाचा खेळ सुरू झाला. काही माणसे एका घरात कोंडावयाची, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडावयाचा, रात्रंदिवस त्यांच्यावर कॅमेरे रोखून ठेवावयाचे आणि एकेकाला बाहेर काढीत जावयाचे, ही त्याची तऱ्हा. २००० साली आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती' आले, २००६ साली 'बिग बॉस' आले, आणि २०१८ सालापासून तो खेळ मराठीतही रंगू लागला.

आता या कीर्तीचा जमाखर्च मांडू. हिशेब मांडावयाचा म्हणजे आधी जमेची बाजू प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आमच्या पिढीची खोड अशी की, खर्चाची बाजू तेवढी लालशाईने लिहावयाची आणि 'आजकालची पिढी बिघडली' म्हणून वही मिटावयाची. तसे करणे अन्यायाचे होईल.

जमेच्या बाजूस पहिले नाव घालू ते स्कॉटलंडच्या सुसान बॉइल या बाईंचे. ब्लॅकबर्न नावाच्या लहानशा गावात वाढलेली ही बाई शाळेत असताना मुलांच्या टिंगलीचा विषय होती. वय वाढले, लग्न झाले नाही, म्हातारी आई होती तोवर तिची सेवा केली. २००७ साली आईही गेली. २००९ सालच्या एप्रिलमध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या कार्यक्रमात ती गावयास उभी राहिली. पोशाख साधा, केस विस्कटलेले. आपले वय सत्तेचाळीस असल्याचे तिने सांगितले तेव्हा सभागृहात लोक एकमेकांकडे पाहून हसले. मग ती गाऊ लागली, आणि पहिल्या दोन ओळींत तेच लोक उठून उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची गीतांची पहिली तबकडी निघाली व ती ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत खपात पहिली आली. जिला गावात कोणी विचारीत नव्हते, तिला जगाने ऐकून घेतले. अशा माणसाला 'कीर्ती हा मोह आहे' असा उपदेश करण्याचा अधिकार, ज्यांना सदैव मान मिळत आला त्या आमच्यासारख्यांना नाही.

आपल्याकडे पाहा. २००८-०९ साली झी मराठीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स' चालले, तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत पाच मुलांची नावे नातवंडांच्या नावांसारखी घेतली जात. आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि पुण्याची आर्या आंबेकर. पूर्वी अशा मुलांना मुंबईच्या एखाद्या स्टुडिओचे दार उघडण्यास निम्मे आयुष्य घालवावे लागले असते. अगदी अलीकडे, २०२४ साली, बारामती तालुक्यातील एका खेड्यातला, लहानपणीच आईबापांचे छत्र हरपलेला सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी'त विजयी झाला. नीट वाचता येत नाही हे त्याने लपविले नाही आणि लोकांनी त्यासाठी त्याला खाली पाहावयास लावले नाही. गावात आपल्यालाही किंमत आहे, असे त्या दिवशी किती गरिबांच्या पोरांना वाटले असेल! पैसा, घर, मान आणि 'आम्हीही कोणी आहो' ही भावना, या चार रकमा जमेस खऱ्याच आहेत.

आता खर्चाची बाजू. तीही तितकीच खरी आहे. फरक एवढाच की, जमेची रक्कम सर्वांच्या डोळ्यांदेखत मिळते आणि खर्चाची घरात एकट्याने, दार लावून फेडावी लागते.

पहिला खर्च असा की, माणसाची गोष्ट माणसाच्या हाती राहत नाही. याचे सर्वांत जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे लाऊड नावाचे एक कुटुंब राहत होते. आईबाप आणि पाच मुले. १९७१ साली सात महिने चित्रपटवाले त्यांच्या घरात वावरले व त्यांनी सुमारे तीनशे तासांचे चित्रण केले. १९७३ साली त्यातून 'ॲन अमेरिकन फॅमिली' या नावाने बारा भाग दाखविण्यात आले. आईने बापाकडे घटस्फोट मागितला तो प्रसंगही कोट्यवधी परक्या माणसांनी पाहिला. देशभर चर्चा झाली. कोणी त्यांना दुभंगलेल्या समाजाचे प्रतीक म्हटले, कोणी नुसतीच चेष्टा केली. कुटुंबाचे म्हणणे असे की, आमच्या घरातली हसतीखेळती घटका गाळली, भांडणे तेवढी ठेवली.

तीनशे तासांतून बारा भाग, हा हिशेब लक्षात घ्या. तुमच्याआमच्या घरातील कोणत्याही तीनशे तासांतून बारा तास भांडणाचे निवडता येतील, आणि बारा तास संतमेळ्याचेही निवडता येतील. दोन्ही वेळा दाखविलेला प्रत्येक शब्द खराच असेल. पण दोन्ही चित्रे खोटी असतील. आज जे 'कोंडलेल्या घराचे' खेळ चालतात त्यांत हेच घडते. दिवसाचे चोवीस तास, त्यांतून रात्री दाखवावयाचा एखादा तास. त्यात कोण नायक आणि कोण खलनायक हे ठरविणारा माणूस कात्री घेऊन खोलीत बसलेला असतो व तो पडद्यावर कधीच दिसत नाही. घरातल्या माणसाला तर बाहेर आपले कोणते रूप तयार झाले आहे याचा पत्ताही नसतो. तो बाहेर पडतो आणि स्वतःच्याच नावाचा एक अनोळखी माणूस त्याला गावभर भेटतो.

दुसरा खर्च कीर्ती आल्यानंतरचा. याबद्दल बिहारमधील मोतीहारीच्या सुशील कुमार यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. रोजगार हमी योजनेत संगणक चालविणारा, महिना सुमारे सहा हजार मिळविणारा हा तरुण २०११ साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये पाच कोटी रुपये जिंकला. नऊ वर्षांनी, २०२० साली, त्याने आपली हकीकत जगापुढे मांडली. जिंकल्यावर तो त्या भागातील मोठा माणूस झाला. महिन्यातील दहापंधरा दिवस सत्कार आणि समारंभ. शिक्षण मागे पडले. पत्रकार विचारीत, 'सध्या काय करता?' त्यांना काहीतरी सांगता यावे म्हणून तो अनुभव नसलेल्या धंद्यांत पैसे घालू लागला, आणि ते बुडाले. गुप्त दानाचा नाद लागला; मदत मागणाऱ्यांत लबाडही निघाले. घरात पत्नीशी खटके उडू लागले. दारू आणि सिगारेट जवळ आली. एके दिवशी एका पत्रकाराच्या प्रश्नाने चिडून त्याने सांगून टाकले की, पैसे संपले, दोन गाई आहेत, दूध विकून पोट भरतो. ती बातमी देशभर पसरली आणि त्याबरोबर अवतीभवतीची गर्दी पांगली. सत्काराची बोलावणी बंद झाली.

यातील एक वाक्य आमच्या मनातून जात नाही. पत्रकारांना सांगण्यासारखे काहीतरी असावे म्हणून धंदे काढले! म्हणजे पाहा, जगणे आणि सांगणे यांची उलटापालट झाली. आपण काहीतरी करतो आणि मग लोकांना सांगतो. कीर्तीचा झटका लागलेला माणूस लोकांना सांगता यावे म्हणून काहीतरी करीत सुटतो. पाच कोटी रुपये हे बक्षीस होते. 'आता पुढे काय?' हा प्रश्न मात्र त्या बक्षिसावरचे व्याज होते, आणि ते त्याला वर्षानुवर्षे भरावे लागले.

तिसरा खर्च सर्वांत जड. ज्या लोकांनी उचलून धरले त्यांनीच आपटणे. लंडनच्या जेड गुडी या मुलीची कथा आपल्या देशाशीही जोडलेली आहे. दंतवैद्याच्या हाताखाली काम करणारी ही गरीब घरची मुलगी २००२ साली ब्रिटनच्या 'बिग ब्रदर'मध्ये गेली. तिचे अज्ञान आणि वाचाळपणा पाहून वृत्तपत्रांनी तिला डुक्कर म्हणण्यापर्यंत मजल मारली. पुढे त्याच लोकांना ती आवडू लागली. पुस्तक, अत्तर, पैसा, सारे आले. २००७ सालच्या जानेवारीत त्याच घरात ती पुन्हा गेली, तेव्हा तेथे आपली शिल्पा शेट्टी होती. जेड आणि तिच्या सोबतिणींनी शिल्पाला जी वागणूक दिली, ती वंशद्वेषाची म्हणून गाजली. ब्रिटनमध्ये चाळीस हजारांवर तक्रारी झाल्या, पाटण्यास पुतळे जाळले गेले. जेड चुकली होती यात शंका नाही, आणि तिने क्षमाही मागितली. पण पाच वर्षांपूर्वी ज्या उद्धट बोलण्यावर लोक पैसे देऊन हसत होते, त्याच बोलण्यावर आता ते थुंकत होते. तिचे तोंड तेच होते. बाजारभाव बदलला होता.

२००८ सालच्या ऑगस्टमध्ये ती आपल्या 'बिग बॉस'मध्ये आली. सूत्रसंचालन शिल्पा शेट्टीकडेच होते. जुने भांडण मिटविण्याचा तो एक प्रयत्न होता. पण दोनच दिवसांत लंडनहून डॉक्टरांचा निरोप आला: गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्याच मुलखात उभारलेल्या त्या घरात, कॅमेऱ्यासमोर, तिला ती बातमी कळली. माणसाला मरणाची चाहूल लागते तेव्हा तरी भोवती चार भिंती असाव्यात, एवढाही आडोसा तिला मिळाला नाही. पुढे तिने आपले लग्न आणि आपला आजार दोन्ही पडद्यावर दाखवू दिले, आणि त्याचे पैसे आपल्या दोन लहान मुलांसाठी ठेवले. २२ मार्च २००९ रोजी ती गेली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

येथे जमाखर्चाची वही आम्हांस चकवते, हे कबूल केले पाहिजे. कारण तिचा आजार सर्वांनी पाहिला म्हणून इंग्लंडातील बायका या रोगाच्या तपासणीसाठी रांगा लावू लागल्या; त्या वर्षभरात नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक तपासण्या झाल्या. त्यांतून किती जणींचे प्राण वाचले असतील! तेव्हा पाहिले जाण्यात नुसते वाईटच असते, असे म्हणता येत नाही. जिला जग हसले, तिच्या मरणानेही जगाला काही दिले. मात्र देणारी ती एकटी होती, आणि घेणारे सर्व होतो.

जपानची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फार वेळ सांगवत नाही. 'टेरेस हाऊस' या कार्यक्रमातील हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीगीर मुलगी. घरातल्या एका सोबत्याने तिचा कुस्तीचा पोशाख धुताना खराब केला म्हणून ती संतापली. भाग प्रसारित झाला, आणि तिच्यावर शिव्याशापांचा वर्षाव सुरू झाला. मे २०२० मध्ये तिने आपले आयुष्य संपविले. शिव्या लिहिणारे कोणी दरोडेखोर नव्हते. तुमच्याआमच्यासारखी, रात्री जेवून हातात फोन घेऊन बसलेली माणसे होती. प्रत्येकाने एकच दगड टाकला होता.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, कलावंतांच्या वाट्यास हे सदाचेच आहे. नाटकवाल्यांना काय लोकांनी कमी छळले? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. म्हणून बालगंधर्वांचे उदाहरण घेऊ. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांचे पोटचे मूल गेले. तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, हे आपण सर्व जाणतो व त्यांच्या निष्ठेला हात जोडतो. पण या प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. प्रेक्षकांनी पाहिली ती भामिनी. बापाचे दुःख नारायणराव राजहंसांचे होते आणि ते त्यांच्यापाशीच राहिले. तिकीट काढून आलेल्या कोणाचाही त्यावर हक्क नव्हता. प्रयोग संपला की शालू उतरवता येत होता, रंग पुसता येत होता. भामिनी आवडली नाही तर भामिनी पडली असती. नारायणराव घरी जाऊन भाकरी खाऊ शकले असते.

आजच्या खेळात नेमका हा पडदा काढून टाकला आहे. येथे माणूस स्वतःचीच भूमिका करतो. ती आवडली तर त्याला वाटते, जगाने आपल्याला आपलेसे केले; न आवडली तर वाटते, जगाने आपल्यालाच टाकले. चेहऱ्यावरचा रंग पुसता येतो. चेहरा कसा पुसावा? आजच्या घरात बालगंधर्वांचे मूल गेले असते तर कॅमेरा रंगपटात शिरला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अश्रू खरे की खोटे यावर मते मागविली गेली असती.

दुसरा आक्षेप असा की, ही माणसे कागदावर सही करून, आपखुशीने जातात. मग रडायचे कशाला? सही असते हे खरे. पण सही करणाऱ्याला आपण काय विकतो आहो ते ठाऊक असते काय? घर विकणाऱ्याला चतुःसीमा ठाऊक असतात. स्वतःचे रूप विकणाऱ्याला त्याच्या सीमा विकल्यानंतरच कळतात. आणि सही जर अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने तिच्या आईने केली असेल तर 'आपखुशी' कोणाची?

मग यातून सुखरूप बाहेर कोण पडले? नावे पुन्हा एकवार डोळ्यांखालून घालू या. २००० साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये पहिले करोडपती झाले ते मराठी तरुण हर्षवर्धन नवाथे. प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होते. प्रसिद्धीच्या लोंढ्यात ती वाट सुटली, पण त्यांनी त्या पैशातून परदेशी व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन नोकरी धरली. लिटल चॅम्प्समधली ती पाच मुले गातच राहिली. गाणे त्यांच्याकडे कार्यक्रमाच्या आधी होते, म्हणून कार्यक्रम संपल्यावरही उरले. २०२१ साली तीच मुले नव्या मुलांचे परीक्षण करावयास बसली. सुसान बॉइल अंतिम फेरीत दुसरी आली आणि दुसऱ्याच दिवशी मनाच्या थकव्याने तिला रुग्णालयात ठेवावे लागले; पण ती सावरली. कोट्यवधी मिळाल्यावरही आपल्या बालपणीच्या साध्या घरालाच तिने आपले मानले. सुशील कुमार यांनी व्यसने सोडली, गावी परतले, चाफ्याची झाडे लावली, चिमण्यांसाठी घरटी बांधली, आणि २०२३ साली शिक्षकाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. पाच कोटी मिळाले तेव्हा जे समाधान मिळाले नाही, ते त्यांना झाडे लावण्यात मिळाले. लाऊड कुटुंबाची अखेरही ऐकण्यासारखी आहे. थोरला मुलगा २००१ साली वारला. आईबापांनी पुन्हा एकत्र राहावे ही त्याची इच्छा होती. घटस्फोटाला पाव शतक उलटून गेलेले ते दोघे नवराबायको त्याच्या शब्दाखातर पुन्हा एका घरात राहू लागले. घर मोडताना जगाने पाहिले. जुळले तेव्हा कॅमेरे केव्हाच निघून गेले होते.

या सर्वांत समान काय? प्रत्येकापाशी कोणी पाहत नसताना करावयाचे काहीतरी होते. कोणाचा रियाज, कोणाचे शिक्षण, कोणाचे घर, कोणाची झाडे. जे काम कोणी पाहिले नाही तरी माणूस करील, त्यावरच पाहिले जाण्याचा भार पेलतो.

आता आपले, म्हणजे पाहणाऱ्यांचे कर्तव्य. काही देशांनी कायद्याने पावले टाकली आहेत. ब्रिटनमध्ये २०१९ साली एका कार्यक्रमातील सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर तो कार्यक्रम कायमचा बंद झाला, आणि २०२१ सालापासून सहभागी माणसांच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेणे प्रसारकांवर बंधनकारक झाले. जपानने २०२२ साली अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढविली. आपल्याकडेही बालहक्क आयोगाने २०११ साली मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, आणि २०१७ सालच्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम करवून घेता येत नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक तर नाहीच. शिवाय त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्याच नावाने बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. हे नियम किती पालकांना ठाऊक आहेत? आज या मंडपातील दहा जणांनी ते घरी जाऊन इतरांना सांगितले तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.

पण कायदा जेथे पोहोचत नाही ती जागा आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. परक्या मुलीविषयी चार ओळी खरडण्यापूर्वी एवढेच मनात आणावे की, ही समोर उभी असती तर तिच्या आईदेखत आपण हे बोललो असतो काय? आणि दुसरे असे की, हरलेल्या मुलाच्या घरी जावे. जिंकलेल्याच्या मिरवणुकीला सारे गाव लोटते. हरून आलेल्याच्या ओटीवर कोणी फिरकत नाही. त्याला 'बस, चहा घे, आणि ते दुसरं गाणं म्हणून दाखव' असे म्हणणारे एक घर गावात असले, तरी खर्चाची निम्मी रक्कम वसूल होते.

आता त्या बाईंचे उत्तर. 'शाळेत पहिल्या आलेल्याचे नाव गावाला आठवते का?' असे त्यांनी विचारले होते. नाही आठवत, हा दोष त्या मुलांचा नव्हे, गावाचा. लेकराला आपले म्हणण्यास गावाला आधी दूरचित्रवाणीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून त्या आईला पुण्याची गाडी धरावीशी वाटली. तेव्हा आम्ही त्यांना सांगणार आहोत की, बाई, मुलीला अवश्य न्या. पण निघण्यापूर्वी तिला एकदा विचारा, 'तिथं निवड झाली नाही तर परवा सकाळी उठून गाशील ना?' ती चटकन 'हो' म्हणाली तर निश्चिंत मनाने जा. ती घुटमळली, तर अजून थोडे दिवस थांबा. तिला गाणे येते, पण ते अजून तिचे झालेले नाही. आणि परत आल्यावर, निवड होवो वा न होवो, तिला प्रथम आमच्याकडे घेऊन या. आम्हांला तिचे गाणे ऐकावयाचे आहे. पूर्वीच ऐकावयास हवे होते. ते राहिले, याची आम्हांस खंत आहे.

घड्याळात साडेआठ होत आले. चालकांना दिलेला शब्द पाळून आम्ही थांबतो.